शर्टासाठी कोळसा कोठे जळतो?

अंधेरीच्या एमआयडीसी भागात तयार कपडे शिवणाऱ्या एखाद्या कारखान्यात डोकावलात, तर शिलाई यंत्रे, इस्त्र्या आणि दिवे दिसतील. मोठे धुराडे सहसा दिसणार नाही. मग शर्टाला लागणारी बरीचशी उष्णता खर्च होते कोठे? कापड रंगविणाऱ्या प्रोसेस हाऊसमध्ये! सूतकताई, विणाई, रंगाई, शिलाई ही कामे बहुधा वेगवेगळ्या मालकांकडे असतात. पुरवठ्याच्या या साखळीत रंगाईला पाणी आणि वाफ दोन्ही भरपूर लागतात.

थोडे गणित करू. सुती कापड रंगविल्यावर जादा रंग काढण्यासाठी ते सुमारे ९० अंश सेल्सिअसच्या साबणपाण्यात धुतात. १००० लिटर पाणी ३० वरून ९० अंशांपर्यंत तापविण्यास ६०,००० किलोकॅलरी लागतात. एक किलो कोळशापासून ४००० किलोकॅलरी मिळतात व त्यांपैकी तीन-चतुर्थांश पाण्यापर्यंत पोचतात, असे धरा. म्हणजे २० किलो कोळसा जळाला. आणि ते कढत पाणी थेट गटारात!

त्याऐवजी हे सांडपाणी आणि तेवढेच नवे थंड पाणी एकमेकांना चिकटलेल्या नळ्यांतून नेले तर? दोन्ही प्रवाह एकाच दिशेने गेले, तर फार तर दोन्ही ६० अंशांवर येतील. पुढे उष्णता वाहणारच नाही. आता प्रवाह उलट दिशांनी सोडा. नवे पाणी बाहेर पडताना त्याची गाठ नुकत्याच आत आलेल्या, सर्वांत गरम सांडपाण्याशी पडते. त्यामुळे ते ७५ अंशांपर्यंतही जाऊ शकते. १५ किलो कोळसा वाचला! (गाळणी मात्र रोज साफ हवी, कापसाच्या तंतूंनी नळ्या तुंबतात.)

ही बचत मालकाला इंधनाच्या बिलात लगेच दिसते. रंगीत पाणी शुद्ध करण्याचे तसे नाही. तो खर्च टाळणारा कारखानदार स्वस्त दर देऊ शकतो, आणि शिलाईवाल्याला स्वस्त कापड हवेच असते. तामिळनाडूतील तिरुपूरला हा हिशेब अंगाशी आला. नोय्यल नदीच्या प्रदूषणावरून जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तेथील रंगाईचे कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. ज्यांच्याकडे रंगाचे पिंपही नव्हते, त्या बनियन आणि टीशर्ट शिवणाऱ्यांना रंगीत कापडासाठी परगावी धावावे लागले. म्हणून मला वाटते, अंधेरीच्या कारखानदारानेही कापडाचा भाव ठरवताना सांडपाण्याची चौकशी करावी आणि शुद्धीकरणाच्या खर्चाचा वाटा भावातच उचलावा.

तुमच्यासाठी एक उदाहरण : वरील नळ्यांत नवे पाणी ७५ ऐवजी ८४ अंशांपर्यंत तापले, तर आणखी किती कोळसा वाचेल?