वेदनाशामक औषधांची उतरती मात्रा

अफूच्या इतिहासाच्या दृष्टीने झाशीचे स्थान मोठे लक्षणीय आहे. शहराच्या पश्चिमेस माळव्याच्या टोकाला नीमच आणि पूर्वेस गंगेच्या काठी गाझीपूर. या दोन्ही ठिकाणी सरकारचे अफूचे कारखाने आहेत, आणि झाशी त्यांच्या जवळजवळ मधोमध वसली आहे. गाझीपूरचा कारखाना ईस्ट इंडिया कंपनीच्या अमदानीत, १८२० साली सुरू झाला. माळव्याची अफू दीर्घकाळ शिंदे-होळकरांच्या मुलखात पिकत आली. खसखशीच्या कच्च्या बोंडाला चिरा पाडल्या म्हणजे जो दुधी चीक पाझरतो, तो वाळून अफू बनते. या चिकात मॉर्फिन, कोडीन इत्यादी द्रव्ये असतात. पैकी मॉर्फिन हे सर्ट्युर्नर नावाच्या तरुण जर्मन औषधविक्रेत्याने १९ व्या शतकाच्या आरंभी अफूपासून वेगळे केले, आणि तेव्हापासून वेदनेवरील उपचाराला नेमके मोजमाप मिळाले.

१८५८ च्या मार्च-एप्रिलमध्ये झाशीच्या तटावर तोफा धडाडत होत्या, तेव्हा क्लोरोफॉर्मने भूल देण्याचा शोध लागून पुरी अकरा वर्षेही झाली नव्हती. आज त्याच शहरात, महाराणी लक्ष्मीबाई यांच्या नावाने १९६८ साली निघालेल्या वैद्यकीय महाविद्यालयात, बुंदेलखंडाच्या दूरदूरच्या खेड्यांतून रोगी येतात. मोडलेली हाडे जोडली जातात, पोटाच्या शस्त्रक्रिया होतात, आणि रोग्याला त्या वेळी काहीही कळत नाही. अडचण उद्भवते ती पुढे, रोगी घरी गेल्यावर. आणि ती बहुधा अगदी निराळ्या रूपाने येते.

समजा, झाशीच्या रेल्वे कारखान्यातील एका कामगाराच्या मांडीचे हाड मोडले आणि शस्त्रक्रिया करून आत सळई बसविण्यात आली. घरी जाताना त्याला ट्रॅमॅडॉल या औषधाच्या ५० मिलिग्रॅमच्या गोळ्या, दिवसाला चार, अशा लिहून दिल्या. दोन आठवड्यांनी पुन्हा दाखवावयास यायचे होते. परंतु गाव साठ-सत्तर मैल दूर, पाय प्लास्टरसारखा जड, बरोबर यायला कोणी मोकळे नाही. तेव्हा गोळ्या चालूच राहिल्या. सहा आठवड्यांनी त्या संपल्या. दुखणे पुष्कळ कमी झालेले असल्यामुळे घरच्यांनीही समाधान मानले. दुसऱ्या दिवशी त्याला एकामागून एक जांभया येऊ लागल्या, नाकाडोळ्यांतून पाणी वाहू लागले, अंगावर काटा उभा राहिला. रात्री झोप नाही, पोटात मुरडा, जुलाब, पाय एका जागी ठरत नाहीत, आणि ज्या मांडीचे दुखणे जवळजवळ गेले होते ती पुन्हा ठणकू लागली. जखम आत चिघळली असावी, असे त्याला वाटले. शेजाऱ्यांना वाटले, ताप भरला. चार दिवसांनी कोणी तरी त्याच जातीच्या गोळ्यांची पट्टी आणून दिली. एक गोळी घेताच तासाभरात सारे शांत झाले. तेव्हा घरच्यांनी निराळाच निष्कर्ष काढला: याला गोळ्यांचे व्यसन लागले.

हे दोन्ही तर्क चुकीचे आहेत. काय घडले हे समजण्यासाठी ही औषधे शरीरात कोठे आणि कशी काम करतात ते पाहावे लागते.

मेंदूतील व मज्जारज्जूतील अनेक पेशींच्या पृष्ठभागावर कुलुपासारख्या जागा असतात. त्यांना ग्राही म्हणतात. मॉर्फिनचा रेणू किल्लीप्रमाणे त्यांत बसतो. १९७३ साली हे ग्राही प्रयोगशाळेत निश्चितपणे दाखविण्यात आले. परंतु खसखशीच्या चिकासाठी मानवी मेंदूत कुलूप कशासाठी असावे? १९७५ साली स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे ह्यूज व कोस्टरलिट्झ या शास्त्रज्ञांनी मेंदू स्वतःच अशा किल्ल्या तयार करतो असे सिद्ध केले, आणि हे कोडे सुटले. ट्रॅमॅडॉल हे खसखशीपासून काढलेले नसून १९६० च्या दशकात जर्मनीत कृत्रिम रीतीने बनविलेले औषध आहे. यकृतात त्याचे रूपांतर होऊन जे द्रव्य बनते ते मुख्यतः याच कुलुपात बसते. यांपैकी कोणतेही औषध वेदनेचे कारण दूर करीत नाही. वेदनेचा संदेश मेंदूकडे जाताना ते त्याला मंद करतात, इतकेच.

पेशी मात्र या दडपणाखाली स्वस्थ राहत नाहीत. तराजूच्या एका पारड्यात वजन पडले म्हणजे काटा मधोमध आणण्यासाठी दुसऱ्या पारड्यात वजन टाकावे लागते. तसेच पेशी करतात. औषध त्यांचे काम मंद करते, म्हणून त्या आपली अंतर्गत रासायनिक यंत्रणा अधिक जोराने चालवू लागतात. काही दिवसांत काटा पुन्हा मध्यावर येतो. त्यामुळेच पहिल्या आठवड्यात जी मात्रा पुरत होती ती पुढे अपुरी वाटते. औषध अंगवळणी पडले, असे म्हणतात ते हेच. आता औषधाचे पारडे एकाएकी रिकामे केले तर काय होईल? दुसरे पारडे धाडकन खाली जाईल. इतके दिवस दाबून ठेवलेल्या पेशी मोकाट सुटतात. औषध आतड्यांची हालचाल मंद करीत होते, म्हणून बद्धकोष्ठ होते. आता जुलाब होतात. झोप आणीत होते. आता झोप उडते. वेदना दाबीत होते. आता साधा स्पर्शही दुखतो. औषध तुटल्याची बहुतेक लक्षणे औषधाच्या गुणधर्मांची उलटी प्रतिमा असतात, एवढे ध्यानात ठेवले तर ती पाठ करावी लागत नाहीत.

ट्रॅमॅडॉलच्या बाबतीत आणखी एक गुंतागुंत आहे. ते मेंदूतील सेरोटोनिन व नॉरॲड्रेनॅलिन या दोन संदेशवाहक द्रव्यांवरही परिणाम करते. म्हणून ते अचानक बंद केले असता नेहमीच्या लक्षणांखेरीज काही रोग्यांना तीव्र भीती, गोंधळ किंवा मुंग्या आल्यासारखे विचित्र भास होतात.

कामगाराची अवस्था म्हणजे व्यसन नव्हे. शरीराचे अवलंबन आणि व्यसन या दोन गोष्टी लोक सर्रास एक समजतात, आणि सुशिक्षितही याला अपवाद नाहीत. अवलंबन ही पेशींची रासायनिक तडजोड आहे. काही आठवडे रोज औषध घेणाऱ्या कोणाही माणसात, मग तो कितीही संयमी असो, ती घडते. व्यसनात हानी दिसत असूनही औषधाच्या मागे धावण्याची ओढ असते. पहिल्यावर उपदेशाचा काडीचा उपयोग नाही. रोग्याला दूषण दिल्यामुळे एवढेच होते की तो पुढच्या वेळी आपली लक्षणे लपवितो.

तीन-चार दिवस किंवा त्याहून कमी काळ गोळ्या घेतल्या असतील, तर पारड्यात फारसे वजन साठलेले नसते. दुखणे कमी होताच त्या बंद करता येतात, आणि शस्त्रक्रिया झालेल्या बहुसंख्य रोग्यांना एवढेच पुरते. एक-दोन आठवडे झाले असतील तर काही दिवसांत टप्प्याटप्प्याने उतरावे लागते. काही आठवडे ते काही महिने झाले असल्यास दर आठवड्याला मूळ मात्रेचा सुमारे दहावा हिस्सा कमी करण्याची शिफारस केली जाते. वर्षाहून अधिक काळ झाल्यास महिन्याला दहावा हिस्सा, किंवा त्याहूनही सावकाश. हे आकडे म्हणजे वेळापत्रक नव्हे. रोग्याचे वय, मूत्रपिंड व यकृत यांची स्थिती आणि इतर औषधे पाहून डॉक्टर ते बदलतात.

येथे एक साधे अंकगणित उपयोगी पडते. दिवसाला चार गोळ्या घेणाऱ्याने दर टप्प्याला एक गोळी सोडली, तर पायऱ्या सारख्या दिसतात. पण त्या सारख्या नसतात. चारावरून तीन म्हणजे हाती असलेल्या मात्रेचा चौथा हिस्सा गेला. तीनावरून दोन म्हणजे तिसरा हिस्सा. दोनावरून एक म्हणजे निम्मी मात्रा, आणि एकावरून शून्य म्हणजे सर्वच. पहिल्या दोन पायऱ्या सहज उतरल्यामुळे रोग्याला धीर येतो, आणि शेवटच्या दोन पायऱ्यांवर तो कोसळतो. ‘एकच गोळी तर राहिली, ती टाकून द्या’ हा सल्ला म्हणूनच फसवा आहे. वरील कामगाराला मधोमध रेघ असलेल्या साध्या गोळ्या मिळत असतील, तर आठवड्याला अर्धी गोळी, म्हणजे २५ मिलिग्रॅम, कमी करता येईल: २०० वरून १७५, मग १५०, याप्रमाणे. शेवटच्या ५० मिलिग्रॅमवर आल्यावर आठवड्याऐवजी दोन आठवडे थांबण्यात काहीच वावगे नाही. प्रथम दुपारची मात्रा कमी करतात आणि रात्रीची बहुधा शेवटी, कारण झोप सर्वांत उशिरा ताळ्यावर येते. मात्र औषध सावकाश सुटावे म्हणून खास बनविलेल्या गोळ्या कधीही मोडू नयेत. मोडल्यास दिवसभराची मात्रा एकदम अंगात जाते. काही गोळ्यांत ट्रॅमॅडॉलबरोबर पॅरासिटॅमॉलही असते. अशा गोळ्या कमी केल्या की तेही कमी होते, आणि दुखणे वाढल्यास दोष चुकीच्या औषधावर जातो. त्या वेळी पॅरासिटॅमॉल स्वतंत्रपणे चालू ठेवावे लागते, तेही दिवसाची मर्यादा न ओलांडता.

उतरताना जे दुखते ते जखमेचे की औषध तुटल्याचे? जखमेचे दुखणे एका जागी असते, हालचालीने वाढते. त्या जागी लाली, सूज, पू किंवा अंगात ताप असल्यास विलंब न लावता दवाखाना गाठावा. औषध तुटल्याचे दुखणे अंगभर पसरलेले असते आणि त्याच्या जोडीला जांभया, शिंका, नाकातून पाणी व काटा ही मंडळी असतात. ती दिसल्यास पुढची पायरी थांबवून, आहे त्या मात्रेवर काही दिवस राहतात. मागे फिरून जुनी मात्रा गाठण्याची गरज सहसा पडत नाही.

भारताने एकदा हा प्रयोग संबंध राष्ट्रावर करून पाहिला आहे. १९४९ साली भरलेल्या अखिल भारतीय अफू परिषदेत असे ठरले की औषधाखेरीज अन्य कारणासाठी होणारे अफूचे सेवन दहा वर्षांत संपुष्टात आणावे, आणि त्यासाठी राज्यांना होणारा पुरवठा दरवर्षी दहा टक्क्यांनी घटवावा. ३१ मार्च १९५९ ही मुदत ठरली. त्यानंतर वैद्यकीय कारणासाठी नोंदलेल्या व्यक्तींनाच अफू मिळू लागली. अर्थात ही घट राज्यांच्या पुरवठ्यातील होती, एकेका माणसाच्या गोळीतील नव्हती, आणि दोहोंत महदंतर आहे. तरी एका दिवसात बंदी घालण्याऐवजी दहा वर्षे देण्यात जे शहाणपण होते ते नाकारता येत नाही. अफू खाणारा म्हातारा आणि मुंबईच्या गिरणवस्तीत कामावर जाणाऱ्या आईने अफूची बाळागोळी देऊन निजविलेले मूल, हे तेव्हा दूरचे इतिहास नव्हते.

उलट दिशेची चूकही या देशात घडली. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने शिक्षा कडक झाल्या, परवान्यांचे जंजाळ वाढले. दवाखाने व औषधविक्रेते मॉर्फिन ठेवण्यास धजेनात. १९९७ पर्यंत देशातील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. जो देश जगाला औषधी अफू पुरवितो, त्याच देशात कर्करोगाचे रोगी वेदनेने तळमळत राहिले. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन हे जंजाळ काहीसे सैल झाले. ट्रॅमॅडॉल मात्र त्या वेळी कायद्याच्या बाहेर होते. एप्रिल २०१८ मध्ये त्याचा नियंत्रित द्रव्यांत समावेश झाला. अमेरिकेत १९९० नंतर अशा गोळ्या सढळ हाताने दिल्या गेल्या, आणि अनर्थ ओढवल्यावर काही ठिकाणी तितक्याच घाईने तोडल्या गेल्या. शेवटी एप्रिल २०१९ मध्ये तेथील औषध प्रशासनाला इशारा द्यावा लागला की, अवलंबन असलेल्या रोग्यांची औषधे अचानक बंद केल्याने असह्य वेदना, मानसिक यातना आणि आत्महत्याही घडल्या आहेत.

झाशीसारख्या ठिकाणी, जेथे रोगी दोन राज्यांच्या खेड्यांतून येतो व परत येईलच याची खात्री नसते, तेथे उतरत्या मात्रेचा तक्ता घरी जाण्याच्या दिवशीच कागदावर लिहून मिळणे सर्वांत उपयोगी ठरते: कोणत्या तारखेपासून किती गोळ्या, आणि त्रास झाल्यास कोणाला विचारावे. तो रोग्याच्या भाषेत असावा आणि घरातील एकाने तरी वाचून घ्यावा. डॉक्टरांनी न लिहिल्यास रोग्याने मागून घेण्यात संकोच करू नये.

मात्रा शून्यावर आल्यावर आठ-दहा दिवसांत बहुतेक लक्षणे ओसरतात. झोप मात्र काही आठवडे अपुरी राहू शकते. या काळात उरलेल्या गोळ्या घरात असणे धोक्याचे असते. शरीराने आता दुसऱ्या पारड्यातील वजन काढून घेतलेले असते. पूर्वी जी मात्रा रोज निभावत होती, तीच आता, विशेषतः दारू किंवा झोपेच्या गोळ्यांबरोबर घेतल्यास, श्वास बंद पाडू शकते. म्हणून उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याच्या गुडघेदुखीसाठी देऊ नयेत, मुलांच्या हाती लागू देऊ नयेत, आणि पुढच्या तपासणीस जाताना मोजून बरोबर न्याव्यात.