चुंबक हललं की गुंडाळी?

वसमत,
श्रावणातला दुसरा सोमवार

चि. बाळ,


तू मोबाइलवर पाठवलेला प्रश्न दोनदा वाचला. उत्तर त्यात मावणार नाही म्हणून कागद घेतला. ‘चुंबकीय क्षेत्र हा नुसता भास, खरं काय ते विद्युतक्षेत्र’ असं कुठल्याशा व्हिडिओत ऐकलंस आणि गोंधळलीस. बरं झालं गोंधळलीस. तो व्हिडिओ अर्धंच खरं सांगतो.

तू रोज हिंगोलीला रेल्वेनं जातेस, तर गाडीपासूनच धरू. आपला पूर्णा–अकोला मार्ग मीटरगेज होता तेव्हा हे गणित सोपं होतं, रुळांतलं अंतर बरोबर एक मीटर. आता ब्रॉडगेजचे १.६७६ मीटर धरावे लागतात. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा उभा घटक आपल्याकडे साधारण २० मायक्रोटेस्ला. गाडीचा वेग ताशी ९० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २५ मीटर. तिन्हींचा गुणाकार कर. दोन चाकांना जोडणाऱ्या लोखंडी आसाच्या टोकांमध्ये ०.८४ मिलिव्होल्ट येतात. एवढ्यावर बारकासा एलईडीही पेटायचा नाही. पण ते आले कुठून?

फलाटावरचा माणूस म्हणेल, आस धावतोय, त्यातले इलेक्ट्रॉन त्याच्याबरोबर धावतायत आणि धावणाऱ्या प्रभाराला चुंबकीय क्षेत्र बाजूला ढकलतं. संपलं. आता तू डब्यात, त्याच आसाच्या वर बसलेली. तुझ्या लेखी आस जागचा हललेलाच नाही. स्थिर प्रभारावर चुंबकीय बल शून्य, हे तुझ्याच वहीत आहे. तरी इलेक्ट्रॉन एका टोकाला सरकलेत. मग तुला म्हणावंच लागतं की इथं विद्युतक्षेत्र आहे, मीटरमागे अर्ध्या मिलिव्होल्टचं. फलाटावरच्याच्या हिशेबात ते नाही, तुझ्या हिशेबात आहे. आसातलं काम मात्र दोघांचंही तेवढंच भरतं.

(उद्या मल्टिमीटर घेऊन डब्यात बसशील, म्हणून आधीच सांगतो, तो शून्य दाखवेल. त्याच्या तारा तुझ्याबरोबरच धावतात, त्यांच्यातही तेवढाच दाब उभा राहतो आणि एकमेकांना छाटतो. मीटर जमिनीवर हवा, एकमेकांपासून विलग ठेवलेल्या दोन रुळांना जोडलेला.)

हे गणित मी फळ्यावर किती वेळा सोडवलं असेल, हिशेब नाही. एका वर्षी मागच्या बाकावरच्या पोरानं विचारलं, ‘सर, मग गाडीतल्या माणसानं काय म्हणायचं?’ मी म्हणालो, ‘परीक्षेला येत नाही, बस खाली.’ तो बसला. पुढं केव्हातरी आइन्स्टाइनचा १९०५ चा शोधनिबंध वाचायला घेतला आणि पहिल्याच परिच्छेदात त्या पोराचा प्रश्न उभा. रेल्वेऐवजी चुंबक आणि तार, एवढाच फरक. चुंबक हलवलं तर पुस्तकं म्हणतात, विद्युतक्षेत्र निर्माण झालं. तार हलवली तर म्हणतात, विद्युतक्षेत्र वगैरे काही नाही, चुंबकीय बल आहे. मीटरचा काटा मात्र दोन्ही वेळा तेवढाच सरकतो. बर्नच्या पेटंट कार्यालयात नोकरी करणाऱ्या २६ वर्षांच्या माणसाला ही विसंगती खुपली. त्या निबंधाचं नावही हलणाऱ्या वस्तूंच्या विद्युतगतिकीवर आहे. लोकांना वाटतं सापेक्षता घड्याळं आणि अवकाशयानांतून आली. ती आली गुंडाळी आणि चुंबकातून. आणि तो निबंध असलेलं इंग्रजी भाषांतराचं पुस्तक करणारे आपलेच, मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस; कलकत्ता विद्यापीठानं १९२० मध्ये ते काढलं. दोघंही तेव्हा तुझ्याहून फार मोठे नव्हते.

आता तुझा व्हिडिओ. एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेतून पाच अँपिअर सोडलेस, तर इलेक्ट्रॉन सरासरी सेकंदाला मिलिमीटरच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यानं सरकतात. गोगलगाय पुढे निघून जाईल. समज, तूही त्यांच्याबरोबर तशीच सरकतेस. तुला इलेक्ट्रॉन थांबलेले आणि तांब्याचे धन आयन मागे जाताना दिसतील. हलणारं अंतर आखडतं, म्हणून धन प्रभार किंचित दाट वाटेल आणि फलाटावरच्याला उदासीन दिसणारी तार तुला धन दिसेल. शेजारून तुझ्याच वेगानं जाणारा एखादा इलेक्ट्रॉन तिच्याकडे ओढला जाईल. तू म्हणशील विद्युत आकर्षण, फलाटावरचा म्हणेल चुंबकीय बल.

मूळ प्रभाराच्या मानानं हा जास्तीचा धन प्रभार किती? वेगाला प्रकाशाच्या वेगानं भाग आणि वर्ग कर: दशांश चिन्हापुढे तेवीस शून्यं, मग पहिला आकडा. पण एका घन सेंटिमीटर तांब्यात मोकळे इलेक्ट्रॉन ८५ वर एकवीस शून्यं इतके. म्हणून त्या तारेपासून एक सेंटिमीटरवर १०० मायक्रोटेस्ला क्षेत्र भरतं, पृथ्वीच्या एकूण क्षेत्राच्या दुपटीहून जास्त, आणि होकायंत्राची सुई वळते. १८२० मध्ये ओर्स्टेडनं सुई वळताना पाहिली, तेव्हा त्यानं नकळत सापेक्षताच पाहिली होती, असं मी म्हणतो. इथवर व्हिडिओ बरोबर.

चूक पुढे आहे. ‘म्हणून चुंबकीय क्षेत्र भास’ हे कुठून काढलं? एकटा प्रभार धावत असेल तर त्याच्याबरोबर धाव, चुंबकीय क्षेत्र नाहीसं होतं, कबूल. पण त्या उदासीन तारेभोवती तू कुठल्याही वेगानं फिर, चुंबकीय क्षेत्र शून्य करणारा प्रेक्षक तुला सापडायचा नाही. कारण विद्युतक्षेत्राच्या वर्गातून, प्रकाशाच्या वेगाच्या वर्गानं गुणलेला चुंबकीय क्षेत्राचा वर्ग वजा केला, तर येणारी संख्या सगळ्या प्रेक्षकांना सारखी मिळते. तारेपाशी फलाटावरून ती ऋण आहे, म्हणून सगळ्यांनाच ऋण. आणि चुंबकीय क्षेत्र शून्य झालं तर ती ऋण राहील कशी? दोन्ही क्षेत्रांचा बिंदुगुणाकारही असाच कोणी बदलू शकत नाही. प्रभारही तसाच. कोण कुठून पाहतो यावर दोन क्षेत्रांतली वाटणी बदलते, सातबारा मात्र एकच राहतो. तेव्हा कुठलंही उदाहरण सोडवताना पहिल्या ओळीत लिही: मोजणारा कोण आणि तो कशाच्या सापेक्ष स्थिर. ही ओळ न लिहिता जो ‘खरं’ आणि ‘भास’ म्हणतो, त्याच्याशी वाद घालत बसू नकोस.

आणखी एक, आपल्या भागातला मोह. औंढ्याच्या देवळाची कथा तुला पाठ आहे: नामदेवांना मागं जायला सांगितलं आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं. ‘देऊळ फिरलं की नामदेव, हीच सापेक्षता’ असं मी वर्गात कौतुकानं सांगायचो. चुकीचं सांगायचो. सरळ रेषेतली एकसारखी गती आतून ओळखता येत नाही, गरगर फिरणं ओळखता येतं. देऊळ फिरलं असतं तर पिंडीवरचं अभिषेकपात्र डोलून गेलं असतं. कथा भक्तीची आहे, तिला तिथंच राहू दे.

औंढ्याचं नाव निघालंच आहे तर जवळच्या दुधाळ्याचं सांगतो. केंद्रानं एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी मंजूर केले आणि ११ मे ला पायाभरणी झाली, ती लायगो-इंडिया, गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा आणि त्यांतून लेसरचा प्रकाश. वर सांगितलेली वजाबाकी प्रकाशासाठी नेमकी शून्य येते, कुठल्याही वेगाच्या माणसाला. तुझी गाडी कितीही पळो, प्रकाशातली विद्युत आणि चुंबकीय बाजू तुला सुटी करता येणार नाही. गुरुत्वीय लहरींची भाषा याच्या बरीच पुढची आहे, घाई करू नकोस. पण तिथं पोचण्याची वाट तुझ्या प्रयोगशाळेतल्या त्या गुंडाळीवरूनच जाते.

तेव्हा गॅल्व्हानोमीटर मागून घे. आधी गुंडाळी धरून चुंबक आत सरकव, मग चुंबक धरून गुंडाळी त्याच वेगानं सरकव. दोन्ही वेळचे आकडे लिहून ठेव आणि रविवारी येताना वही घेऊन ये. अक्काला सांग, ओल्या हळदीचं लोणचं संपलंय.

तुझा,
मामा