जुनी मोटार घरी दुरुस्त करताना

तुम्ही अॅम्बॅसॅडर मोटार पाहिली आहे का? पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथील कारखान्यात ती २०१४ पर्यंत तयार होत होती. आता ती क्वचितच दिसते. घरातल्या मोठ्या माणसांना विचारा, त्यांना ती चांगली आठवत असेल. टॅक्सी असो, साहेबांची गाडी असो, की नवरदेवाची गाडी असो, सगळीकडे तीच असे.

माझे मामू या गाड्या दुरुस्त करत. शाळेला सुट्टी लागली, की मी त्यांच्या गॅरेजात जाई आणि पाने, पकडी पुसून ठेवी. एकदा इंजिन उघडल्यावर ते म्हणाले, "बेटा, याला साधे समजू नकोस. याचा मोठा भाऊ विलायतेत स्पोर्ट्‌स कारमध्ये बसतो."

मला ती थाप वाटली. पुढे शिक्षक झाल्यावर वाचनात आले, की मामूंचे बोलणे अगदी खरे होते. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन या कंपनीचे एक प्रसिद्ध इंजिन होते. त्याला 'बी सिरीज' म्हणत. अॅम्बॅसॅडरमध्ये कित्येक वर्षे हेच इंजिन बसवले जात होते. त्याचे आकारमान १४८९ घन सेंटिमीटर होते. इंग्लंडमधील 'एमजीबी' या स्पोर्ट्‌स कारमध्ये त्याच घराण्यातले १७९८ घन सेंटिमीटरचे इंजिन होते. दोन्ही इंजिनांत पिस्टन वर-खाली ८८.९ मिलिमीटरच जातो. फरक आहे तो सिलिंडरच्या रुंदीत. एकात ती सुमारे ७३ मिलिमीटर आहे, तर दुसऱ्यात सुमारे ८० मिलिमीटर.

एमजी ही अक्षरे ऑक्सफर्ड शहरातील 'मॉरिस गॅरेजेस' या नावावरून आली. आज आपल्या रस्त्यांवर एमजी नावाच्या नव्या गाड्या धावतात. ते नाव आता एका चिनी कंपनीकडे आहे. जुनी एमजीबी मात्र इंग्लंडमधील अॅबिंग्डन येथे १९६२ पासून १९८० पर्यंत तयार झाली. अशा पाच लाखांहून अधिक गाड्या बनल्या. ती बुटकी आहे. बहुतेक गाड्यांचे छप्पर उघडता येते. तिच्यात संगणक नाही, नाजूक यंत्रणा नाही. म्हणून आजही अनेक हौशी लोक ती घरच्या अंगणात स्वतः दुरुस्त करतात. सुटे भागही मिळतात. १९८८ पासून तर मूळ साच्यांवर तिचे पूर्ण नवे सांगाडे तयार होऊ लागले. बंद पडलेल्या गाडीचे असे नशीब सहसा नसते!

आता विचार करा. तुम्हाला अशी पन्नास वर्षांची गाडी मिळाली, तर तुम्ही पहिले काम कोणते कराल? वर्गात मी हा प्रश्न विचारला, तेव्हा बहुतेक मुले म्हणाली, "सर, वेग वाढवू!" नव्याने गाडी घेणारे मोठे लोकही पुष्कळदा हीच चूक करतात.

पहिले काम असते गंज शोधण्याचे. हा शब्द नीट लक्षात ठेवा. उर्दूत 'गंज' म्हणजे खजिना. मराठीत 'गंज' म्हणजे लोखंडाला लागणारा तांबूस थर, ज्याला तुम्ही 'जंग' म्हणता. जुन्या गाडीत खजिना शोधायला जाल, तर आधी मराठी गंजच सापडेल.

अॅम्बॅसॅडर काय किंवा एमजीबी काय, या गाड्यांना ट्रकसारखी वेगळी चासी नसते. पत्र्याचे शरीरच सगळा भार उचलते. एमजीबीच्या दाराखाली दोन्ही बाजूंना पोकळ पेटीसारखा लांब भाग असतो. त्याला 'सिल' म्हणतात. वर छप्पर नसल्यामुळे गाडीचा पुष्कळसा भार या दोन पेट्यांवर येतो. चाकाने उडवलेले पाणी आणि चिखल त्यांच्या आत साचतो व पेटी आतून सडते. बाहेरचा रंग मात्र चमकत राहतो. काही विक्रेते भोकात लांबी भरून वर रंग देतात. अशा वेळी लोहचुंबक कामाला येतो. त्याला पातळ फडक्यात गुंडाळा आणि पत्र्यावरून फिरवा. जिथे तो चिकटत नाही, तिथे रंगाखाली लोखंड नाही, लांबी आहे. सडलेली सिल कापण्यापूर्वी सांगाड्याला खालून आधार द्यावा लागतो. दाराच्या चौकटीत आडवी लोखंडी पट्टीही जोडावी लागते. तसे केले नाही, तर गाडी मधोमध वाकते आणि मग दारे बसत नाहीत. वेल्डिंगचे हे काम नवशिक्याने करू नये, असे माझे मत आहे.

दुसरे काम ब्रेकचे. ब्रेकच्या पायपट्टीवर पाय दाबला, की नळ्यांतील द्रव दाब पुढे नेतो आणि चाके थांबतात. या द्रवाला एक वाईट खोड आहे. तो हवेतील ओलावा शोषून घेतो. डॉट-४ प्रकारचा नवा द्रव किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. तोच ओलसर झाला, की १५५ अंशांच्या आसपासही उकळू शकतो. घाटात वारंवार ब्रेक दाबल्याने तो तापतो आणि त्यात वाफेचे बुडबुडे होतात. वाफ सहज दबते. मग पाय खाली जातो, पण गाडी थांबत नाही. सुरुवातीच्या एमजीबी गाड्यांत चारही चाकांच्या ब्रेकसाठी द्रवाचा एकच मार्ग होता. एक नळी फुटली, तर चारही ब्रेक गेले! उरतो फक्त तारेवर चालणारा हातब्रेक. म्हणून जाणकार मालक दर दोन वर्षांनी द्रव बदलतात आणि रबरी नळ्या जुन्या दिसल्या, की लगेच काढून टाकतात.

टायरचेही तसेच. हौसेची गाडी फार धावत नाही, त्यामुळे टायरची नक्षी नव्यासारखी राहते. पण रबर कडक होते. टायरच्या बाजूवर शेवटी चार आकडे असतात. २३१४ असे असेल, तर तो २०१४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. घरी कोणतेही वाहन असेल, तर आजच पाहा.

हे सगळे करण्यासाठी गाडीखाली जावे लागते. इथे मला एक दुपार आठवते. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. मामूंनी जॅकने अॅम्बॅसॅडरची मागची बाजू उचलली होती आणि अॅक्सलखाली विटा रचल्या होत्या. गोणपाट अंथरून ते खाली निजले होते. मी म्हणालो, "मामू, चहा आलाय." ते बाहेर आले, हात पुसले आणि कप उचलला. तेवढ्यात एक वीट फुटली. धाडकन आवाज झाला आणि सगळी गाडी त्या गोणपाटावर बसली. मामू काही बोलले नाहीत. तो चहा तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी लोहाराकडून चार लोखंडी टेकू बनवून घेतले. पुढे कितीही घाई असली, तरी टेकू लावून गाडी हलवून पाहिल्याशिवाय ते खाली जात नसत. जॅक फक्त उचलण्यासाठी असतो. आतले तेल गळाले, की तो बसतो. वीट तर अचानक फुटते.

आता सुधारणांकडे येऊ. ठिणगीसाठी जुन्या इंजिनात 'पॉइंट' असतात. त्यांतील फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवावी लागते आणि ते झिजले, की ती बदलते. त्याऐवजी इलेक्ट्रॉनिक जोड बसवता येतो. ही चांगली सुधारणा आहे; पण १९६७ पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचे धन टोक गाडीच्या पत्र्याला जोडलेले असे. आजच्या गाड्यांत ऋण टोक जोडतात. हे न पाहता नवा जोड लावला, तर तो क्षणात जळतो. या गाडीत आसनांमागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असत. त्यांची जोडणी एकसर, म्हणजे एकूण बारा व्होल्ट. विज्ञानाच्या पुस्तकातला धडा इथे उपयोगी पडतो.

पेट्रोलही बदलले. पूर्वी त्यात शिसे असे. ते विषारी होते, पण इंजिनातल्या व्हॉल्व्हच्या बैठकी त्यामुळे झिजत नसत. ब्रिटनमध्ये १९९९ अखेर आणि भारतात २००० साली शिसेयुक्त पेट्रोलची सर्वसाधारण विक्री थांबली. म्हणून जुन्या इंजिनाचे हेड उघडले, की कठीण पोलादाच्या बैठकी बसवून घेतात.

आणि वेग? १९७३ ते १९७६ या काळात कारखान्यानेच एमजीबीत ३५२८ घन सेंटिमीटरचे आठ सिलिंडरचे इंजिन बसवले होते. मात्र ते फक्त पक्क्या छपराच्या गाडीत. सोबत पुढच्या ब्रेकच्या जाड तबकड्याही दिल्या. घरी मोठे इंजिन बसवणारे या तबकड्या विसरतात, म्हणून मला त्यांची भीती वाटते. ब्रिटनमध्ये २०१८ पासून चाळीस वर्षांवरील बहुतेक गाड्यांना वार्षिक तपासणीची सक्ती नाही. गाडीत मोठे बदल केले असतील, तर मात्र ती सवलत मिळत नाही. सवलत मिळाली, तरी गाडी सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी मालकाचीच असते.

एक छोटे काम सांगतो. एमजीबीच्या दोन्ही कार्ब्युरेटरवर एकेक टोपी असते. तिच्याखाली थोडे तेल असते. ते संपले, की अॅक्सिलरेटर दाबताच गाडी आचके देते. लोक घाबरून प्लग बदलतात, पेट्रोलचा पंप बदलतात, पैसे घालवतात. टोपी फिरवून काढा, तेल भरा, टोपी लावा. पाच मिनिटांचे काम आहे आणि त्यासाठी गाडीखालीही जावे लागत नाही.