आपल्या बोलीतील आज्ञा : घरच्या संगणकाला आपले शब्द शिकविणे

विनयपिटकातील चुल्लवग्गात एक प्रसंग येतो. ब्राह्मण कुळात जन्मलेले दोन भिक्खू बंधू तथागतांकडे तक्रार करतात की, नाना कुळांतून व जातींतून आलेले भिक्खू आपापल्या बोलीत बुद्धवचन म्हणतात आणि त्यामुळे ते बिघडते. तेव्हा ते छंदोबद्ध भाषेत बसवावे. तथागत ही सूचना नाकारतात आणि स्वतःच्या भाषेत बुद्धवचन शिकण्याची अनुमती देतात. या अनुमतीच्या अर्थाविषयी पुढे आचार्यांत मतभेद झाले. तरीही ज्ञानाच्या दारात कोणाची बोली चालेल, हा प्रश्न तेव्हाही होता, एवढे त्यातून निश्चित दिसते. आज तोच प्रश्न घरातील संगणकापुढे उभा आहे. बोलून काम सांगावे असा संगणक आला. पण त्याने कोणाचे बोलणे ऐकावे?

आवाजी आज्ञा म्हणजे काय, हे आधी समजून घेऊ. तिचे तीन टप्पे असतात. पहिल्यात संगणक मायक्रोफोनमधून आलेल्या ध्वनीचे शब्दांत रूपांतर करतो. दुसऱ्यात ते शब्द आधी लिहून ठेवलेल्या यादीशी ताडून पाहतो. तिसऱ्यात त्या शब्दांपुढे नेमून दिलेले काम करतो. पहिला टप्पा अवघड असून तो मोठ्या कंपन्यांनी व संशोधन संस्थांनी घडविलेला असतो. दुसरा आणि तिसरा टप्पा मात्र आपल्या हातचा आहे. नववी-दहावीतील जिज्ञासू विद्यार्थी तो पुरा करू शकेल, असे आम्हांस वाटते.

विंडोज प्रणालीत आवाज ओळखण्याची सोय 2007 मधील व्हिस्टापासून आहे. पण तिच्या मोजक्या भाषांत एकही भारतीय भाषा नव्हती. अलीकडच्या व्हॉइस ॲक्सेसमध्ये 2024 पासून स्वतःच्या आज्ञा घडविता येऊ लागल्या, त्याही आरंभी इंग्रजीतच. मराठीसाठी वाट दुसरीकडून उघडली. गुगलने 2017 मध्ये आवाजी टंकलेखनात मराठीचा समावेश केला. 2022 मध्ये ओपनएआयने खुले केलेले व्हिस्पर हे साधन इतर अनेक भाषांबरोबर मराठीही ओळखते, आणि ते इंटरनेटविना घरच्या संगणकावर चालविता येते.

याची गरज कोणाला आहे? ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या घराघरांत अशी माणसे आहेत. वागळे इस्टेटच्या किंवा डोंबिवली एमआयडीसीच्या कारखान्यात ज्यांचे आयुष्य गेले आणि कळफलकाला ज्यांची बोटे कधी लागली नाहीत, असे वडीलधारे; दृष्टी मंदावलेली आजी; हाताला दुखापत झालेला कामगार; अंध विद्यार्थी. यांना संगणक हवा असतो, पण अक्षरांची व बटणांची भिंत मध्ये येते. ही भिंत बोलण्याने ओलांडता येते. मात्र तेथे दुसरी भिंत उभी राहते, ती प्रमाणभाषेची. आगरी बोलीत ‘पाणी’चे ‘पानी’ आणि ‘काळा’चे ‘काला’ होते. विदर्भ-खानदेशातून येथे आलेल्या कुटुंबांचे उच्चार आणखी निराळे. वर्गात ‘पानी’ म्हटल्यावर हसे झाल्याचा अनुभव आपल्या समाजातील कितीतरी जणांना आहे. यंत्रानेही तेच करावे काय? आपली यादी आपण घडविली, तर तसे होण्याचे कारण नाही.

आता प्रत्यक्ष कृती. घरात नेहमी लागणारी पाचच कामे प्रथम निवडावीत : वंदनेचे ध्वनिमुद्रण लावणे, आकाशवाणी ऐकणे, अक्षरे मोठी करणे, वीजबिल पाहणे, नातवाच्या अभ्यासाची फाइल उघडणे. प्रत्येक कामाला दोन-तीन शब्दांची आज्ञा द्यावी : ‘वंदना लाव’, ‘अक्षरे मोठी कर’, ‘बिल दाखव’. आज्ञा कोणत्या शब्दांत असावी, हे घरातील शिकलेल्या मुलाने ठरवू नये. जो ती देणार आहे, त्याच्या तोंडी सहज येणारे शब्द घ्यावेत.

नंतर क्रोम ब्राउझरमधील गुगल डॉक्सचे आवाजी टंकलेखन सुरू करावे, भाषा मराठी निवडावी आणि त्या व्यक्तीला प्रत्येक आज्ञा दहा वेळा म्हणावयास सांगावे. संगणक काय लिहितो, ते वहीत उतरवून घ्यावे. समजा, ‘वंदना लाव’ म्हटल्यावर त्याने सात वेळा बरोबर लिहिले, दोनदा ‘वंदना लावा’ आणि एकदा ‘बंधना लाव’ लिहिले. तर ही तिन्ही रूपे यादीत एकाच कामापुढे नोंदवावीत. ‘पाणी’ आणि ‘पानी’ दोन्ही ठेवावीत. बोलणाऱ्याने उच्चार बदलण्याऐवजी यादीने वाढावे, हा या पाठातील मुख्य नियम होय.

शेवटी पायथॉनमध्ये छोटा प्रोग्राम लिहावा. त्याने आवाजाचे शब्द करून घ्यावेत, यादीत शोध घ्यावा आणि मिळालेल्या नोंदीपुढील फाइल किंवा संकेतस्थळ उघडावे. शब्द यादीत नसल्यास अंदाजाने काही न करता ‘समजले नाही’ एवढेच सांगावे. प्रोग्रामसाठी व्हिस्पर वापरल्यास चाचणीही त्यावरच पुन्हा घ्यावी, कारण प्रत्येक साधनाच्या चुका वेगळ्या असतात.

काही पथ्ये पाळावी लागतात. सारख्या ध्वनीच्या आज्ञा टाळाव्यात. ‘थांब’ आणि ‘लांब’ एका यादीत नकोत. मराठी आकडे फसवे असतात, ‘एकोणसाठ’ व ‘एकोणसत्तर’ यांत गोंधळ होतो. म्हणून ‘पाच नऊ’ असे सुटे अंक म्हणावेत. पंखा, कुकरची शिट्टी, दूरदर्शन यांच्या आवाजात यंत्र चुकते, तेव्हा मायक्रोफोन तोंडाजवळ असावा. आज्ञेपूर्वी हाक मारण्यासाठी एक शब्द ठरवावा, पण तो घरातील कोणाचे नाव नसावा. फाइल पुसणे किंवा पैसे पाठविणे ही कामे केवळ आवाजावर सोपवू नयेत.

आणखी एक पथ्य शीलाचे आहे. इंटरनेटवरील साधन वापरले, तर आपला आवाज कंपनीच्या संगणकापर्यंत जातो. म्हणून घरातील कोणाचाही आवाज त्याच्या संमतीवाचून मुद्रित करू नये. न दिलेले घेऊ नये, हे दुसरे शील येथेही लागू पडते.

यंत्राने सर्वांचे ऐकावे यासाठी मोठे प्रयत्नही झाले आहेत. 2011च्या सुमारास मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि आयआयटी यांनी शेतमालाचे बाजारभाव फोनवर मराठीत बोलून विचारता यावेत यासाठी काम केले. त्याकरिता महाराष्ट्राच्या जिल्ह्याजिल्ह्यांतून लोकांचे आवाज गोळा केले, कारण पुण्या-मुंबईच्या उच्चारांवर शिकलेल्या यंत्राला गावाकडचा शेतकरी उमजला नसता. मोझिलाच्या कॉमन व्हॉइस या खुल्या प्रकल्पातही मराठी आहे. तेथे कोणीही स्वेच्छेने वाक्ये वाचून आपला आवाज देऊ शकतो.

माजी विद्यार्थ्यांना आमचे आवाहन आहे की, सुटीत घरी गेल्यावर एका वडीलधाऱ्या माणसाबरोबर बसून पाच आज्ञांची यादी करावी. वही त्यांच्या शब्दांनी भरावी, दुरुस्ती करू नये. आपल्या आधीच्या पिढीने आपल्याला अक्षरे मिळावीत म्हणून कष्ट उपसले. त्यांना ज्या बोलीत बोलण्याचा संकोच वाटावयास लावला गेला, त्याच बोलीत यंत्राने त्यांचे काम करावे, हे आपल्याकडून होण्याजोगे आहे.