आडव्या कापासाठीं करवतीची निवड

सुतारकामाच्या वर्गांत अनेकदां असें दिसतें कीं, एखादा मुलगा गुण्या लावून सरळ रेघ आंखतो. परंतु फळी कापून झाल्यावर तिची कड फाटलेली व केसाळ निघते. तो बिचारा आपल्या हातास दोष देतो. वास्तविक दोष पुष्कळदां हाताचा नसून करवतीचा असतो. म्हणून फळी आडवी कापण्यासाठीं करवत कशी पारखावी, याचा येथें विचार करूं.

लांकूड म्हणजे एकमेकांस चिकटलेल्या असंख्य तंतूंची जुडी होय. तंतूंच्या दिशेनें उभें चिरतांना दांत्यांना पटाशीप्रमाणें काम करावें लागतें. म्हणून चिरण्याच्या करवतीचे दांते पात्याशीं काटकोनांत घांसलेले असतात. हेच दांते आडव्या कापांत तंतु उपटून काढतात. तेथें तंतु प्रथम तोडले पाहिजेत. यास्तव आडव्या कापाच्या करवतीचे दांते तिरपे घांसून सुरीसारखे अणकुचीदार केलेले व आळीपाळीनें उजवीडावीकडे किंचित् वळविलेले असतात. त्यांच्या टोंकांनीं दोन समांतर रेघा कोरल्या जातात आणि मधला भाग भुसा होऊन गळतो. याची परीक्षा सोपी आहे. करवत उलटी धरून दांत्यांच्या ओळीवर बारीक सुई ठेवावी व पातें थोडें कलतें करावें. दांते नीट असल्यास सुई दोन ओळींमधील पन्हळींतून घसरत शेवटपर्यंत जाते.

दांत्यांचें मान इंचांतील टोंकांनीं सांगतात. इंचाच्या आरंभीचें व अखेरचें अशीं दोन्ही टोंकें धरतात, म्हणून ८ टोंकांच्या करवतींत इंचास ७ दांते भरतात. साधारण कामास ८, व तासलेल्या पातळ फळीस १० ते १२ टोंकें योग्य. ओल्या लांकडास मोठे दांते व अधिक वळण हवें, नाहींतर पातें खांचेंत आंवळतें; वाळलेल्या सागास थोडें वळण पुरतें.

पात्याची नेहमींची लांबी २६ इंच असते. शाळकरी मुलास २० ते २२ इंच सोयीची. पाठीवर धातूची पट्टी असलेली करवत सांधे कापण्यास उत्तम, परंतु रुंद फळींत ती पट्टी आड येते. जपानी करवत ओढतांना कापते, म्हणून तिचें पातें पातळ ठेवतां येतें. ‘र्‍योबा’ नांवाच्या करवतीस एका कडेला आडव्या व दुसरीला उभ्या कापाचे दांते असतात.

खरेदीच्या वेळीं पातें डोळ्यासमोर धरून कडेवरून पहावें. तें सरळ असावें, व वांकवून सोडतांच पुन्हां सरळ व्हावें. मुठींत तीन बोटें नीट बसून तर्जनी पात्याच्या दिशेनें ठेवतां यावी. हल्लीं निळसर काळ्या, कठीण केलेल्या दांत्यांच्या करवती मिळतात. त्यांची धार पुष्कळ टिकते. पण ती गेल्यावर त्यांस कानस लागत नाहीं व करवत टाकून द्यावी लागते.

म्हणून ज्यास एकच करवत घेणें शक्य आहे, त्यानें २२ इंची, १० टोंकांची व घांसतां येणारी घ्यावी, आणि तिच्याबरोबर त्रिकोणी कानस घेण्यास विसरूं नये. जो आपल्या हत्यारास धार लावावयास शिकला, त्याची करवत पुढें त्याच्या मुलाच्याही हातीं येईल.