आधी अर्थिंग, मग लाइट



पूर्वी विहिरीवरच्या खोलीत काय असे? एक स्टार्टर, तीन किटकॅट, एक बल्ब आणि खुंटीला टांगलेला पंचा. आज त्याच खोलीत मोबाइलवर चालू होणारा ऑटो, ठिबकचा कंट्रोलर, केबलचोरीच्या भीतीने लावलेला कॅमेरा आणि त्याला इंटरनेट पुरविणारा राउटर अशी चार नवी बिऱ्हाडे येऊन बसली आहेत. यंत्रे चांगली आहेत. रात्रीच्या पाळीला लाइट आली की बांधावरून धडपडत जावे लागत नाही. त्यामुळे यंत्रे लावू नका असे आम्ही म्हणणार नाही. पण ती कशी लावावीत याबद्दल चार शब्द सांगणे आमचे कर्तव्य आहे, कारण हा धडा आम्ही महाग किमतीला शिकलो.

गेल्या आषाढातली गोष्ट, आमच्याच शेतावरची. कॅमेरा बसवायला आलेल्या पोराने विचारले, "न्यूट्रल कुठं आहे?" मोटारीला तीन फेजच्या तीन तारा, न्यूट्रल खोलीपर्यंत आलेलीच नव्हती. तो म्हणाला, "काही हरकत नाही, एक फेज घेऊ आणि दुसरी तार अर्थिंगला देऊ." आम्ही मान हलवली. कॅमेरा चालला, बल्बही लागला. पुढे पाऊस लागला. दोन दिवस तो बल्ब मिणमिणत होता. व्होल्टेज कमी असेल म्हणून आम्ही सोडून दिले. तिसऱ्या दिवशी बैल हौदावर पाणी प्यायला गेला, त्याचे नाक लोखंडी पाइपाला लागले आणि तो जागेवर बसला तो उठलाच नाही. खड्ड्याजवळची अर्थिंगची तार गंजून तुटली होती. बल्बातून आलेला करंट जमिनीत जायला वाट न मिळाल्याने स्टार्टरच्या पेटीत, पाइपात आणि हौदाच्या ओल्या चिखलात उतरला होता. त्याच पाइपाशी रोज सकाळी घरातील बायका हात-पाय धुतात. त्या दिवशी बैल आधी गेला, एवढेच.

अर्थिंग म्हणजे नेमके काय?

पांझरेकाठची फड पद्धत आपल्या धुळे जिल्ह्याला ठाऊक आहे. बंधाऱ्यातून पाट काढायचा, फडाला पाणी द्यायचे आणि जास्तीचे पाणी सांडमाने परत नदीत सोडायचे. सांडम गाळाने बुजला तर पाणी उभ्या पिकात घुसते. अर्थिंग हा विजेचा सांडम आहे. मोटारीच्या आत वायंडिंगचे आवरण गेले आणि फेज मोटारीच्या लोखंडी अंगाला टेकली, तर तो करंट माणसाच्या अंगातून न जाता सोप्या वाटेने जमिनीत जावा, तेथून डीपीच्या अर्थिंगमधून वर चढून न्यूट्रलला मिळावा, यासाठी ही वाट करून ठेवायची. सांडम हा सांडमच असावा. रोजचे पाणी त्यातून वाहायचे नसते. म्हणजे अर्थिंगची तार ही न्यूट्रल नव्हे. आमची चूक झाली ती इथेच.

ही चूक काही ठिकाणी पिढीजात चालत आली आहे, आणि तिचे मूळ जुने आहे. १८३८ साली जर्मनीत श्टाइनहाइल या शास्त्रज्ञाने दाखवून दिले की तारयंत्राला परतीची दुसरी तार लागत नाही, जमीनच ते काम करते. रेल्वे आणि पोस्टाची जुनी तारयंत्रे एका तारेवर आणि जमिनीत पुरलेल्या पत्र्यावर चालत. पण तो बॅटरीचा बारीकसा करंट होता. तारयंत्राला जे चालले ते २३० व्होल्टला चालत नाही. आपली तारसेवा २०१३ साली बंद झाली, ती सवय मात्र आपण अजून सोडलेली नाही.

थोडे गणित

"आमच्याकडे अर्थिंग आहे, काही झालं तर फ्यूज उडेल," असे पुष्कळ सभासद म्हणतात. हे खरे आहे का, ते आकड्यांनी पाहू.

पाच हॉर्सपॉवरची मोटार सुमारे साडेसात अँपिअर घेते. तिच्यावर १६ अँपिअरचा एमसीबी आहे असे धरा. आपल्या खड्ड्याचा रोध १० ओहम आणि डीपीच्या खड्ड्याचा २ ओहम. फेज मोटारीच्या अंगाला लागली तर २३० भागिले १२, म्हणजे सुमारे १९ अँपिअर करंट वाहील. १६ चा एमसीबी १९ अँपिअरला लगेच पडत नाही. तोपर्यंत मोटारीच्या अंगावर १९ गुणिले १०, म्हणजे १९० व्होल्ट उभे राहतात.

आता मे महिना घ्या. जमीन तापलेली, खड्डा कोरडा, रोध ४० ओहम. २३० भागिले ४२, म्हणजे जेमतेम साडेपाच अँपिअर. एमसीबीला पत्ताही लागत नाही, आणि अंगावर सुमारे २२० व्होल्ट तसेच राहतात. ओल्या हाता-पायाच्या माणसाचा रोध साधारण १००० ओहम धरला, तर त्याच्या अंगातून २०० मिलिअँपिअरच्या वर करंट जाईल. हाताची पकड न सुटायला १० ते १५ मिलिअँपिअर पुरतात. ३० च्या पुढे करंट काही वेळ राहिला तर श्वास आणि हृदय धोक्यात येते.

म्हणून नुसते अर्थिंग पुरत नाही. त्याच्या जोडीला ईएलसीबी हवा. गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांत थोडाही फरक पडला की तो क्षणात लाइट तोडतो. बल्ब, प्लग, राउटर, कॅमेरा यांच्यासाठी ३० मिलिअँपिअरचा घ्यावा. पाण्यातल्या मोटारीची लांब केबल मुळातच थोडी गळती दाखवते, म्हणून मोटारीच्या लाइनवर १०० मिलिअँपिअरचा वेगळा बसवावा. खड्डा ४० ओहमचा असला तरी १०० मिलिअँपिअरला अंगावर चारच व्होल्ट येतात, हे गणित तुम्हीच करून पाहा. ज्याने अर्थिंगचा न्यूट्रल केला आहे त्याच्याकडे हा ईएलसीबी बल्ब लावताच पडतो, आणि मग "हा खराब आहे" म्हणून काढून टाकला जातो. तो खराब नसतो, तो खरे बोलत असतो.

खड्डा कसा असावा?

अर्थिंगसाठी भारतीय मानक ३०४३ आहे. त्यातील मुख्य गोष्टी अशा:

१) गॅल्व्हनाइज्ड पाइप आतून ३८ मिलिमीटरपेक्षा कमी नको, लांबी अडीच मीटरपेक्षा कमी नको. पत्रा पुरायचा तर ६० बाय ६० सेंटिमीटरचा, आणि त्याची वरची कड जमिनीखाली दीड मीटर.

२) खड्डा भिंतीपासून किमान दीड मीटर दूर. दोन पाइप ठोकायचे तर त्यांत पाइपाच्या लांबीच्या दुप्पट, म्हणजे पाच मीटर अंतर ठेवावे.

३) तीन फेजच्या मोटारीच्या अंगाला दोन स्वतंत्र अर्थिंग जोडण्या हव्यात. एक तुटली तरी दुसरी राहते. आमच्याकडे दुसरी असती तर बैल वाचला असता.

जमिनीप्रमाणे काळजी वेगळी. तापीकाठच्या काळ्या जमिनीत ओल असेतोवर अर्थिंग उत्तम, पण उन्हाळ्यात ती भेगाळते आणि पाइपाभोवती पोकळी पडते. तेथे पाइपाभोवती बेंटोनाइट माती भरावी, ती ओल धरून ठेवते. मीठ-कोळशाची जुनी रीत चालते, पण मिठाने पाइप लवकर गंजतो, म्हणून दर दोन-तीन वर्षांनी उकरून पाहावे. यावल, रावेर, चोपड्याकडे सातपुड्याच्या पायथ्याला दगडगोट्यांचा थर आहे, पाणी खोल आहे. साक्रीकडे मुरूम आणि काळा पाषाण. अशा जागी एका पाइपाने भागत नाही. दोन-तीन पाइप ठोकून एकत्र जोडावेत. ठिबकची एक नळी खड्ड्यावर सोडली तर ओल राहते. मात्र खड्ड्याजवळ जनावर बांधू नये. करंट जमिनीत उतरतो तेव्हा खड्ड्याभोवती व्होल्टेज पसरते, आणि जनावराच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त असल्याने ते माणसाआधी बळी पडते.

खड्ड्याची मोजणी मीटर लावून, परवानाधारक वायरमनकडून, मे महिन्यात करून घ्यावी. पावसाळ्यात केलेली मोजणी मनाचे समाधान करते, जीव वाचवीत नाही.

जोडणीचा क्रम

राउटर, कॅमेरा, कंट्रोलर यांपैकी काहीही बसवताना क्रम असा ठेवावा:

१) आधी मोबाइल ऑटो बंद करा, मेन स्विच पाडा आणि तिन्ही किटकॅट काढून स्वतःच्या खिशात घाला. ऑटो चालू असेल तर लाइट येताच मोटार आपोआप सुरू होते. त्या वेळी हात आत असलेल्या माणसाला कोणी हाक मारत नाही.

२) टेस्टरने तिन्ही फेज पाहा. टेस्टर चांगला आहे हे आधी चालू लाइनवर तपासा.

३) पहिली तार अर्थिंगची जोडा. लोखंडी पेटी, कॅमेऱ्याचा खांब, स्टार्टर आणि मोटार हे सर्व एकाच अर्थिंगला बांधा. राउटरसाठी वेगळा खड्डा खणून तो सुटा ठेवू नका. जवळपास वीज पडली की दोन खड्ड्यांत हजारो व्होल्टचा फरक पडतो आणि तो राउटरमधून वाट काढतो.

४) मग यंत्र घट्ट बसवा, नंतर इंटरनेटची आणि कॅमेऱ्याची केबल जोडा.

५) लाइट सर्वांत शेवटी. प्रथम ईएलसीबीचे टेस्ट बटण दाबून तो पडतो का पाहा, मगच यंत्र चालू करा.

काढताना उलट क्रम. लाइट आधी, अर्थिंगची तार सर्वांत शेवटी.

दोन पिनांचा अडॅप्टर आला तर घाबरू नये. त्याला दुहेरी आवरण असते, अर्थिंग लागत नाही. पण तीन पिनांची वस्तू आली आणि प्लग बसत नाही म्हणून मोठी पिन कापली, तर आपण सांडमच बुजविला.

घरापासून विहिरीपर्यंत

घरातला राउटर आणि विहिरीवरचा कॅमेरा तांब्याच्या केबलने जोडण्याचा मोह होतो. ही केबल १०० मीटरपलीकडे नीट चालत नाही, हे एक. दुसरे, घराचे अर्थिंग वेगळे, विहिरीचे वेगळे. ज्येष्ठातल्या गडगडाटात ही केबल दोघांमधला पूल होते आणि दोन्हीकडची यंत्रे एकदम जातात. त्याऐवजी काचेच्या तंतूची, आत लोखंडी तार नसलेली फायबर केबल टाकावी, किंवा बिनतारी जोडणी घ्यावी. काचेतून वीज वाहत नाही.

न्यूट्रल नसलेल्या विहिरीवर सर्वांत बरा उपाय सौर पॅनेलचा. लहान पॅनेल, १२ व्होल्टची बॅटरी आणि सिमकार्डवर चालणारा कॅमेरा. १२ व्होल्टने बैलही मरत नाही आणि माणूसही. मात्र बॅटरीच्या तारेला फ्यूज हवाच, नाहीतर शॉर्ट होऊन आग लागते. ज्यांना लाइनवरच चालवायचे आहे त्यांनी महावितरणकडे रीतसर अर्ज करून न्यूट्रल घ्यावी. आकडा नको, आणि डीपीचा फ्यूज स्वतः टाकणे तर नकोच नको.

एवढे करूनही शॉक बसलाच तर

त्या माणसाला हात लावू नका. आधी मेन पाडा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने तार दूर करा. लाइनच्या मोठ्या तारेजवळ जाऊच नका, १९१२ वर फोन करून लाइट बंद करवा. श्वास चालत नसेल तर १०८ ला फोन लावून लगेच छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच सेंटिमीटर खोल दाब देत राहा. मातीत पुरणे, पाणी पाजणे यात वेळ घालवू नका.

शेवटी एक विनंती. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ईएलसीबीचे बटण दाबायचे आणि अर्थिंगची तार खड्ड्यापर्यंत डोळ्यांनी पाहायची, असा नेम करा. पाइपाला हात लावल्यावर मुंग्या आल्या, किंवा बल्ब विनाकारण मिणमिणू लागला, तर त्याच दिवशी मेन पाडा. पाण्याची एक पाळी चुकली तर ऊस पुढच्या पाळीला सावरतो. आमच्या हौदावर आता बैलाची जागा रिकामी आहे, ती पाहिली की दुसरे काही सांगावे लागत नाही.