पौरुषग्रंथीचा कर्करोग : पेशीच्या पातळीवर

वाताष्ठीलेच्या लक्षणांनी आलेल्या वृद्धास आपण गोक्षुरादि गुग्गुळ देतो आणि मूत्रप्रवृत्ती सुधारते. तेवढ्याने कर्करोगाची शंका फिटत नाही.

पौरुषग्रंथीच्या पेशीत टेस्टोस्टेरॉनपासून डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन बनते. ते अँड्रोजन-ग्राहीशी बद्ध होते. हा ग्राही केंद्रकात जाऊन ठरावीक जनुके कार्यान्वित करतो. त्यांपैकी टीएमपीआरएसएस२ हे जनुक अनेक अर्बुदांत ईआरजी या जनुकास जोडले गेल्याचे २००५ साली मिशिगन विद्यापीठातील अरुल चिन्नय्यन व सहकाऱ्यांनी दाखविले. दोन्ही २१ व्या गुणसूत्रावरील. या जोडामुळे अँड्रोजनचा नित्याचा संदेशच ईआरजीला चेतवू लागतो. त्यात वाढीस लगाम घालणारे पीटीईएन जनुक नष्ट झाले, तर रोग अधिक आक्रमक होतो. यास सरसकट बीजदुष्टी म्हणणे आम्हांस पटत नाही. हे बदल बहुधा उतारवयात, त्या ग्रंथीतच घडतात.

हे अर्बुद प्रायः ग्रंथीच्या बाह्य भागात, मूत्रमार्गापासून दूर उद्भवते. म्हणून अवरोध उशिरा जाणवतो. औषधविक्रेत्या बंधूंनीही वारंवार गुग्गुळ नेणाऱ्या वृद्धास पीएसए व गुदपरीक्षणाविषयी विचारावे. फिनास्टेराइड चालू असल्यास पीएसए सुमारे निम्मे दिसते, हेही ध्यानात असावे.